खोली कुणाची, शहर कुणाचे? : नागरीकरणाचे सिद्धांत आणि गिरणगाव

‘नागरीकरण’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. जनगणनेच्या अहवालात तो टक्केवारी सांगतो : २०११ साली भारताची ३१.१६ टक्के लोकसंख्या नागरी होती आणि महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के. समाजशास्त्रात हाच शब्द जगण्याची एक रीत सांगतो. माणूस शहरात आला की त्याची नाती, त्याचा स्वभाव, त्याचे देवधर्म आणि त्याची जात यांचे काय होते, हा तिथला प्रश्न. पहिल्या अर्थाने शहर मोजता येते. दुसऱ्या अर्थाने ते समजून घ्यावे लागते, आणि त्यासाठी गेल्या सव्वाशे वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांनी जे सिद्धांत मांडले तेच आपण आजही विद्यापीठात शिकतो आणि शिकवतो.

हे सिद्धांत मुंबईच्या गिरणगावाला लावून पाहिले तर त्यांतले काय उरते, याची तपासणी या लेखात करायची आहे. गिरणगाव निवडण्याचे कारण सरळ आहे. शहर कसे घडते आणि कसे मोडते, हे दोन्ही जिथे शंभर-सव्वाशे वर्षांच्या अवधीत पाहायला मिळते, अशा जागा भारतात थोड्या आहेत. शिवाय तिच्याविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे आणि ते लेखनही इथे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

सिद्धांत जन्मले ती शहरे

जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनांड ट्योनिस याने १८८७ साली जिव्हाळ्याचा समूह आणि व्यवहाराचा समाज असा भेद केला. गावातली नाती जन्माने मिळतात, शहरातली करारावर चालतात, असे त्याचे ढोबळ सूत्र. गेऑर्ग झिमेल याने १९०३ साली बर्लिन डोळ्यांपुढे ठेवून महानगरातल्या मनाचा विचार केला. शहरातला माणूस इतक्या चेहऱ्यांना, आवाजांना आणि व्यवहारांना दररोज सामोरा जातो की प्रत्येकाला प्रतिसाद देणे त्याला परवडत नाही. मग तो हिशेबी आणि काहीसा कोरडा होतो. मात्र झिमेलने याची दुसरी बाजूही ओळखली होती. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे आपल्यावर कुणाची पाळतही नसते. कोरडेपणा ही त्या मोकळेपणाची किंमत आहे.

या विचाराला शास्त्राची चौकट दिली ती शिकागोने. १८४० साली जेमतेम साडेचार हजार वस्तीचे हे गाव १८९० साली दहा लाखांवर गेले आणि १९३० साली तेहतीस लाखांवर. अशा शहरात बसून रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५ साली शहराच्या वाढीचा नकाशा मांडला : मध्यभागी व्यापारपेठ, तिच्याभोवती नव्याने आलेल्या स्थलांतरितांची गजबजलेली वस्ती, मग कामगारांची घरे, मग मध्यमवर्ग, मग उपनगरे. माणूस सुस्थितीत येतो तसा तो एकेक वर्तुळ बाहेर सरकतो. लुई वर्थने १९३८ साली या सगळ्याचे सार तीन शब्दांत आणले : आकार, दाटी आणि विविधता. ही तीन वाढली की नाती वरवरची होतात, नात्यागोत्याची आणि शेजारपणाची पकड सैल होते, आणि तिची जागा संस्था, संघटना व कायदा घेतात.

वर्थची मांडणी देखणी आहे, म्हणूनच ती टिकली. पण तिच्या पोटात एक गृहीत आहे. शहरात येणारा माणूस एकटा येतो, आणि मागे ठेवून आलेल्या जगाशी त्याचा धागा कालांतराने तुटतो, हे ते गृहीत. अटलांटिक ओलांडून शिकागोत पोचलेल्या पोलिश शेतकऱ्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे असेल. रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरे होते का?

शहरात आलेले गाव

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची उभारणी हाती घेतली आणि १८५६ साली ती चालू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी जण शहराबाहेर जन्मलेले होते, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या साधारण सव्वापाचशे. म्हणजे हे प्रामुख्याने आलेल्यांचे आणि त्यातही पुरुषांचे शहर होते. वर्थच्या तिन्ही अटी इथे पुरेपूर भरत होत्या. आकार होता, विविधता होती, आणि दाटी तर शिकागोलाही लाजवील अशी.

तरीही निष्कर्ष उलटा निघाला. गिरणगावातला नवखा माणूस अनोळखी गर्दीत शिरत नसे. तो गाववाल्यांच्या खोलीत शिरत असे. एका गावाच्या मंडळींनी मिळून धरलेली खोली, तीत पाळीप्रमाणे झोपणारी माणसे, भिंतीला टांगलेल्या ट्रंका, महिन्याची वर्गणी आणि गावच्या देवळासाठी वेगळी काढून ठेवलेली रक्कम, अशी ही व्यवस्था होती. नोकरी लावून देणारा जॉबर बहुधा गावचा, नात्यातला किंवा ओळखीतला असे. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींनी धोबीतलाव आणि डाबूल भागात हेच ‘कूड’ या नावाने केले. एका गावाचा एक कूड, त्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, आणि बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणाऱ्या खलाशाला परवडणाऱ्या दरात पडायला जागा. हिंदू कोकणी माणसाची गावकीची खोली आणि गोवेकराचा कूड या दोन संस्था एकमेकींना फारशा ओळखत नसतील, पण त्यांचे काम एकच होते.

गावाशी असलेल्या या धाग्याकडे गिरणीमालक आणि सरकारी अधिकारी दोष म्हणून पाहत. हा कामगार अर्धा शेतकरी आहे, त्याचे मन गिरणीत नाही, पेरणीला आणि शिमग्याला तो पळतो, अशी तक्रार असे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगाने मात्र माणसे शहराच्या ओढीने येत नाहीत, गावातली अडचण त्यांना ढकलते हे ओळखले, आणि गावाशी असलेला संबंध तोडू नये असेच मत दिले. पुढे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ सालच्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा आणखी पुढे नेला. गावाशी असलेला संबंध हे कामगाराच्या मागासपणाचे लक्षण नव्हते. शहरात टिकून राहण्याचे आणि लढण्याचे ते साधन होते. १९२८ चा संप सहा महिने चालला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. अशा वेळी असंख्य कुटुंबे गावी गेली आणि तिथल्या तांदळावर-नाचणीवर तग धरून राहिली. गाव नसते तर संप इतके लांबले नसते.

याच धाग्याचे दुसरे टोक संकटाच्या वेळी दिसते. १८९६ साली मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला तेव्हा लाखो माणसे शहर सोडून गावाकडे निघाली. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झाले. या वेळी रस्ते उत्तरेकडे जाणारे होते आणि माणसे पायी होती. सव्वाशे वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना एकच गोष्ट सांगतात. आपल्या शहराने श्रम घेतला, पण आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांचा भार गावावर टाकला. शहरी स्वभावाची चर्चा करताना वर्थला हा हिशेब मांडावा लागला नाही. आपल्याला तो टाळता येणार नाही.

नाव विचारणारी खोली

इथपर्यंत आले की दुसरा मोह होतो. शिकागोचे सूत्र चुकले, आपली शहरे माणुसकीची, चाळीत गाव नांदत होते, असे म्हणून थांबण्याचा. चाळीविषयीच्या बऱ्याच मराठी स्मरणलेखनाचा सूर हा आहे. पण गाव शहरात आले म्हणजे गावाचे सगळेच आले. भाऊबंदकी आली तशी जातही आली.

गिरणीच्या आतच याचा पुरावा होता. साचाखात्यात पगार बरा मिळे. पण धोट्यातून सूत ओढून घेण्यासाठी ते तोंडाने ओढावे लागे, आणि या कारणावरून दलित कामगारांना त्या खात्यात प्रवेश नाकारला जाई. यंत्र नवे, विटाळ जुना. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार चळवळीपुढे उघडपणे ठेवला, तेव्हा वर्गाच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांची अडचण झाली.

आंबेडकरांची शहराविषयीची भूमिका या चर्चेत मध्यवर्ती आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर केलेली टीका प्रसिद्ध आहे. दलितांनी गाव सोडावे, असे ते सांगत राहिले. झिमेलने जो मोकळेपणा बर्लिनच्या सुशिक्षित नागरिकासाठी पाहिला, तो गावकुसाबाहेरच्या माणसासाठी किती मोलाचा आहे हे त्यांच्याइतके स्पष्ट कुणी मांडलेले नाही. पण त्याच शहराची मर्यादाही त्यांनी स्वतः भोगली होती. परदेशातून उच्चशिक्षण घेऊन १९१७ साली ते बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या विश्रामगृहात पारशी नाव सांगून ते राहिले, आणि ओळख उघड झाल्यावर तिथून त्यांना बाहेर पडावे लागले. मुंबईत १९१२ च्या सुमारापासून १९३४ पर्यंत त्यांचे बिऱ्हाड परळच्या पोयबावडीतल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. खासगी घरमालकाने जात विचारायची आणि सार्वजनिक संस्थेच्या चाळीत मात्र खोली मिळायची, हा फरक नुसता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्याच्या शीर्षककथेतला तरुण परक्या शहरात नोकरीला जातो आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. समाजशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर त्याने वर्थच्या अनोळखीपणाचा प्रयोग करून पाहिला, आणि तो प्रयोग खोलीच्या उंबरठ्यावर फसला. रस्त्यावर, लोकलच्या डब्यात, गिरणीच्या दारावर शहर नाव विचारत नाही. भाड्याची खोली घेताना विचारते. आजही विचारते, फक्त प्रश्न आता आडनाव, आहार किंवा सोसायटीचे नियम अशा आडवळणाने येतो.

यावरून एक दुरुस्ती सुचते. शहर माणसाला बदलते की नाही, हा प्रश्न गर्दीच्या मापाने सुटत नाही. माणसाला डोके टेकायला जागा कुणाच्या ओळखीने मिळते आणि तिथे तो कोणत्या हक्काने राहतो, यावर तो सुटतो. गावकीच्या खोलीने जागा दिली, पण गावकीच्या अटींवर. सार्वजनिक चाळीने ती अट काहीशी सैल केली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत दलित चळवळ वाढली, शाहिरी वाढली, वाचनालये वाढली. शहराचा मोकळेपणा माणसांच्या संख्येतून आपोआप झिरपत नाही. त्याला भाडेपावतीचा आधार लागतो.

खानावळीचा हिशेब

सिद्धांतांच्या नजरेतून सुटलेली आणखी एक गोष्ट म्हणजे चूल. हजार पुरुषांमागे सव्वापाचशे स्त्रिया असलेल्या शहरात जेवण कोण रांधत होते? गिरणगावात हे काम खानावळवाल्या बाईने केले. दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त गडी, दोन वेळचे जेवण, महिन्याच्या पगाराला हिशेब, आणि संपाच्या काळात उधारी. अनेकदा ही बाई स्वतः गिरणीतून बाहेर पडलेली असे. १९२० च्या दशकात दर पाच गिरणी कामगारांत सुमारे एक स्त्री होती. पुढे यंत्रांची फेररचना झाली, रात्रपाळीची बंदी आली, प्रसूतिविषयक कायद्याचा खर्च मालक टाळू लागले, आणि हे प्रमाण घसरत गेले. कायदे संरक्षणासाठी होते. त्यांचा परिणाम मात्र बाईला गिरणीतून चुलीकडे ढकलण्यात झाला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे या कामाला काम म्हणून ओळख मिळाली.

वर्थ म्हणतो, शहरात जिव्हाळ्याच्या नात्यांची जागा व्यवहार घेतो. खानावळीत व्यवहार आणि जिव्हाळा एकाच ताटात होते. ती बाई पैसे घेई आणि आजारी गड्याला पेजही देई. ही नाती गावची नव्हती, कारण तो गडी तिचा नातलग नव्हता. ती निव्वळ कराराचीही नव्हती, कारण संपात उधारी बंद झाली नाही. ट्योनिसच्या दोन कप्प्यांत न बसणारे असे हे नाते होते आणि शहराचा संसार त्यावर चालला होता.

जमिनीचा हिशेब

शिकागोच्या मांडणीवर सर्वांत कठोर टीका १९६८ नंतर फ्रान्समधून आणि इंग्रजी जगातून झाली. आंरी लफेव्हर याने शहरावरच्या हक्काची कल्पना मांडली. मान्युएल कास्तेल याने १९७२ साली म्हटले की ज्याला आपण शहरी संस्कृती म्हणतो ती वस्तुतः भांडवली व्यवस्थेची संस्कृती आहे. डेव्हिड हार्वेने शहरातली जमीन हीच नफ्याची जागा कशी होते ते दाखवले. बर्जेसच्या नकाशात वर्तुळे जणू झाडाच्या खोडाप्रमाणे आपोआप वाढतात. हार्वे विचारतो, हा भाव कुणी ठरवला आणि उठवले कुणाला?

गिरणगावच्या अखेरच्या पर्वाला ही मांडणी चपखल बसते. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कापडापेक्षा त्यांच्याखालची सुमारे ६०० एकर जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे ठरवले : ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता पूर्ण जमिनीची राहिली नाही, फक्त मोकळ्या पडलेल्या भागाची झाली. एका शब्दाच्या फेराने शहराच्या वाट्याची जमीन आकसली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. बर्जेसच्या नकाशाप्रमाणे कामगार सुस्थितीत येऊन बाहेरच्या वर्तुळात सरकायला हवा होता. तो सरकला खरा, पण घर परवडेना म्हणून. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली.

तरीही हार्वेच्या मांडणीत एक फट राहते. ती जमिनीचे काय झाले ते सांगते. त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाने कशाची मागणी केली, हे सांगत नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले आणि सोडतीत निघालेली घरे त्या मानाने थोडी राहिली. मुंबईबाहेर शेलू-वांगणीकडे घरे देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा कामगार संघटनांनी मुंबईतच घर हवे, असा आग्रह धरला. ज्या कामगाराला एकेकाळी ‘अर्धा शेतकरी’ म्हणून हिणवले गेले, तोच आणि त्याचे वारस आज शहरावर हक्क सांगत आहेत. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातले कुटुंब गावी परत जाऊ शकत नाही आणि शहरातही त्याला पाय रोवता येत नाही. या अवस्थेला केवळ भूभाड्याच्या सूत्रात बसवता येत नाही. तीन पिढ्यांच्या राहण्यातून तयार झालेला हक्क कोणत्याही दस्तऐवजात नोंदलेला नसतो, म्हणून तो मोडणे सोपे जाते.

घुर्ये यांचे लोणीकंद

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली. वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा आहे ती वस्ती जपून, थोडीशीच शस्त्रक्रिया करून सुधारावी, हा गेडिस यांचा आग्रह होता. मुंबईने तो फारसा ऐकला नाही. १९२४ पासून विभाग सांभाळणाऱ्या गो. स. घुर्ये यांनी मात्र गाव आणि शहर यांना परस्परविरोधी मानणे नाकारले. १९६० साली त्यांनी पुण्याजवळच्या लोणीकंदचा अभ्यास प्रसिद्ध केला. टॉमस कोट्स याने १८२० च्या सुमारास नोंदवलेले तेच गाव सव्वाशे वर्षांनी कसे झाले, हे त्यात आहे. पुढे १९६३ च्या पुस्तकात त्यांनी गाव आणि शहर मिसळलेल्या वस्तीचा स्वतंत्र विचार केला. घुर्ये यांच्या इतर मतांवर, विशेषतः जातीविषयीच्या विवेचनावर, आक्षेप घेता येतील. पण शहराची हद्द नकाशात असते आणि नागरीकरण हद्दीबाहेर चालते, हे त्यांनी वेळेवर ओळखले.

आज याच जागी पहिला, टक्केवारीचा अर्थ परत येतो. जनगणनेच्या लेखी एखाद्या गावाची वस्ती किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि पुरुष कामकऱ्यांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तीन अटी पुऱ्या झाल्या की ते नागरी ठरते. मग तिथे ग्रामपंचायत असली तरी चालते. अशी ‘जनगणना नगरे’ २००१ साली देशात १,३६२ होती. २०११ साली ती ३,८९४ झाली. इतक्या ठिकाणी माणसे शहरासारखी दाटीने राहतात, शहरासारखे भाडे भरतात, आणि गटार, पाणी, अग्निशमन यांसाठी ग्रामपंचायतीच्या तिजोरीकडे पाहतात. ही आजची गिरणगावे आहेत, पण यांच्यासाठी कुणी बीडीडी चाळी बांधत नाही.

गिरणगावच्या अनुभवातून नागरीकरणाच्या अभ्यासाला एक कसोटी मिळते. झिमेल आणि वर्थ यांनी शहर रस्त्यावरून पाहिले, हार्वेने ते जमिनीच्या बाजारातून पाहिले. दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत, दोन्ही अपुऱ्या आहेत. मधला दुवा खोलीचा आहे. ती कुणी दिली, कोणते नाव विचारून दिली, तिथली चूल कुणी पेटवली, आणि तिथून उठवताना कोणता कागद पाहिला गेला? बागुलांच्या कथेने आणि खानावळवाल्या बाईच्या उधारीच्या वहीने हे प्रश्न आधीच विचारून ठेवले आहेत. वाघोली, भिवंडी किंवा कल्याणपलीकडच्या वस्त्यांचा अभ्यास करायला निघालेल्या आजच्या संशोधकाने डोकी मोजण्याआधी भाडेपावत्या पाहाव्यात. ज्याच्या हातात पावती नाही, तो टक्केवारीत नागरी असतो, नागरिक मात्र होत नाही.